सीएसएफ फ्रिजमध्ये ठेवू नका

परजीवीशास्त्राच्या लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांना मी आधी हेच सांगते: सीएसएफ, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, फ्रिजमध्ये ठेवू नका. उरलेला नमुना थंड जागी ठेवायची सवय हाताला लागलेली असते. तीच इथे घात करते.

माझ्याकडे आलेला सीएसएफ गढूळ होता. न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) भरपूर, ग्लुकोज कमी, प्रथिनं वाढलेली. म्हणजे जिवाणूंचा मेंदूज्वर, असं मी धरून चालले. ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे जिवाणू रंगवून बघण्याच्या तपासणीत, जिवाणू नव्हते, तर ‘आधी अँटिबायोटिक दिलं असेल’ अशी माझी मीच समजूत घातली. कल्चर लावलं आणि उरलेला नमुना फ्रिजमध्ये सरकवला. दुसऱ्या दिवशी आमच्या मॅडमनी जिम्सा रंग दिलेल्या स्लाइडवर एक पेशी दाखवली. एकच केंद्रक, त्यात मधोमध मोठा गडद ठिपका, भोवती फिकट कडं. नेग्लेरिया फाउलेरी, मेंदूत शिरणारा अमीबा. आदल्या दिवशी मी त्या पांढऱ्या पेशी म्हणून मोजल्या होत्या. तो आकडा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

हे नीट समजून घ्या. हा अमीबा ओळखू येतो तो मुख्यतः हालचालीवरून. गारठला की तो आक्रसून गोल होतो, थांबतो, आणि थांबलेला अमीबा हुबेहूब पांढऱ्या पेशीसारखा दिसतो. स्वयंचलित काउंटरही त्याला पांढऱ्या पेशींतच धरतो. ग्रॅम स्टेनसाठी स्लाइड तापवताना तो बिघडतो, म्हणून ‘ग्रॅममध्ये काही नाही’ याला इथे अर्थ नाही. ताज्या, न गारठलेल्या नमुन्याचा थेंब घ्या, कव्हरस्लिप ठेवा, सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर (प्रकाश एकवटणारं भिंग) खाली करा, स्लाइड ३७ अंशांच्या आसपास कोमट ठेवा. मग संशय आलेली एकच पेशी धरून दोन मिनिटं बघत राहा. एका बाजूने बोथट फुगवटा झटक्यात बाहेर येतो आणि सगळी पेशी त्यात ओतली जाते. पांढऱ्या पेशीही सरकतात, पण फार संथ.

दिसला की पीसीआरची (जनुकीय चाचणीची) वाट बघत बसू नका, लगेच वॉर्डला फोन करा. लक्षणं सुरू झाल्यापासून मृत्यू साधारण ५ दिवसांत येतो. नाकात गोडं, कोमट पाणी गेलं होतं का, हेही विचारा; अमीबा त्याच वाटेने मेंदूत जातो. फॉर्मवर ते कुणी लिहीत नाही. १९६५ मध्ये फाउलर आणि कार्टर यांनी ऑस्ट्रेलियातले रुग्ण नोंदवले, तेव्हापासून आजवर कितीतरी निदानं मृत्यूनंतरच झाली आहेत.

घाबरू नका. हा अमीबा तुम्हाला अख्ख्या नोकरीत दिसणारही नाही. ॲटलासमधले फोटो पाठ करण्यात जीव काढू नका, त्यात काहीच हलत नाही. रोजच्या पेशी इतक्या बघा की परकी पेशी खुपली पाहिजे. आणि उत्तर सांगून मोकळं होणाऱ्यांपेक्षा ‘अजून बघ’ म्हणणारे वरिष्ठ धरून राहा.

फ्रिजचा घोळ विष्ठेच्या नमुन्यातही होतो. थंडीने स्ट्राँगिलॉइडिस या आतड्यातल्या जंताच्या अळ्या मरतात, मग आगर प्लेटवर (नमुना ठेवतात त्या जेलीच्या थाळीवर) त्यांच्या सरपटण्याच्या रेघा उमटणार कुठून? त्यात अळ्या रोज पडतातच असं नाही. हाच रुग्ण पुढे स्टेरॉइडवर गेला तर अळ्या अंगभर पसरून जिवावर बेततं. म्हणून एका नमुन्यावर ‘निगेटिव्ह’ लिहून सही करू नका. आणखी नमुने मागवा, आणि किती पाहिले ते रिपोर्टात लिहा.