पाण्यातून हायड्रोजन: स्वस्त कॅटॅलिस्ट वापरताना या चुका टाळा

पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढताना कॅटॅलिस्ट (क्रिया सोपी करणारा पदार्थ) म्हणून प्लॅटिनम परवडत नाही, तेव्हा निकेल किंवा मॉलिब्डेनम घ्यायचं, इथवर सगळ्यांचं बरोबर असतं. घोटाळा होतो तो न बोलावता आलेल्या धातूंमुळे.

त्यातला सगळ्यात फसवा पाहुणा खुद्द प्लॅटिनमच. एका कॉलेजातला प्रोजेक्ट: मॉलिब्डेनम सल्फाइडचा कॅथोड (हायड्रोजन निघतो ती बाजू), ०.५ मोलर (मोलर म्हणजे लिटरला किती मोल) सल्फ्युरिक ॲसिड, समोर प्लॅटिनमची तार. पहिल्या दिवशी बुडबुडे बेताचेच. दुसऱ्या दिवशी करंट चढला, तिसऱ्या दिवशी आणखी. "सर, कॅटॅलिस्ट ॲक्टिव्हेट झाला!" पोस्टरही छापून झालं. प्रत्यक्षात समोरची तार कणाकणाने विरघळत होती आणि तेच प्लॅटिनम कॅथोडवर जाऊन बसत होतं. तार काढून ग्रॅफाइटचा रॉड लावला, कॅथोड नवा घेतला, आणि करंट पहिल्या दिवसाच्या वर जाईना. ग्रॅफाइट झिजतं, पाणी काळपट होतं. होऊ दे. काजळीने खोटे आकडे येत नाहीत.

दुसरी चूक बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीच्या भंगारातून येते. ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलची पट्टी ॲनोडला (ऑक्सिजनच्या बाजूला) लावली की कॉस्टिकचं (कॉस्टिक पोटॅश, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं) पाणी हळूहळू पिवळं पडतं आणि पोरं म्हणतात, गंज आला. गंज नव्हे तो. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम असतं. व्होल्टेज वाढलं की ते क्रोमेट (क्रोमियमचा पिवळा क्षार) होऊन उतरतं, आणि क्रोमेट कॅन्सरकारक आहे. ते पाणी बेसिनमध्ये ओतू नका, लेबल लावून कॅनमध्ये ठेवा. ३१६ घेऊन सुटका नाही, क्रोमियम त्यातही आहे. ॲनोडला निकेलची जाळी किंवा निकेल फोमच (स्पंजासारखं सच्छिद्र निकेल) घ्या. लावण्याआधी तो ३ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये १० मिनिटं बुडवून डिस्टिल्ड पाण्याने धुवा. वरचा ऑक्साइड न काढता घाईने बसवला की त्यावर चढवलेला कॅटॅलिस्टचा लेप पोपडे धरून सुटतो. प्लेटिंगवाल्याकडून निकेल चढवून घेत असाल तर "वर क्रोम नको" हे आधीच सांगा.

लोह मात्र उपयोगी आहे, म्हणूनच फसवतं. निकेलमध्ये थोडं लोह शिरलं की ऑक्सिजनची बाजू झपाट्याने सुधारते, आणि साध्या कॉस्टिक पोटॅशमध्ये ते अशुद्धी म्हणून असतंच. तुमच्या कॅटॅलिस्ट पावडरचं कौतुक करण्याआधी त्याच द्रावणात नुसता फोम चालवून पाहा. द्रावणाचंही तेच: १ मोलरला पुस्तकी हिशेब लिटरला ५६ ग्रॅम, पण बाजारातल्या गोळ्या ८५ टक्क्यांच्या, म्हणून ६६ घ्या. गोळ्या पाण्यात टाका, थोड्या थोड्या.

करंट वाढवायला मीठ? क्लोरीन निघेल. तांब्याची मगरक्लिप द्रावणात बुडवली तर तांबं कॅथोडवर बसतं. ॲल्युमिनियमची पट्टी कॉस्टिकमध्ये वीज नसतानाही हायड्रोजन सोडते. बोअरच्या पाण्याने कॅथोडवर पांढरा थर धरतो. दोन्ही वायूंना एकच नळी तर कधीच नको.

आणि गॅस मोजताना: १ अँपिअर १ तास चालवला की २५ अंशाला, पूर्ण एका वातावरणाच्या दाबाला ४५६ मिलिलिटर हायड्रोजन निघतो. पण बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. इथे हवेचा दाब कमी, त्यात पाण्याची वाफ मिसळते, म्हणून नळीत ५०० च्या वर आकडा दिसतो. ती एफिशियन्सी नाही, त्या दिवशीचा दाब लिहून ठेवा.