हात जड झाला, तोंड वाकडं झालं, फीट आली: घरच्यांनो, या चुका टाळा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. परळ-लालबागपासून डोंबिवलीपर्यंत पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम घेते. पेशंट माझ्यापर्यंत येतो तोवर मेंदूत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. तरी पहिल्या दिवशी मी एक प्रश्न विचारतेच, "हे झालं तेव्हा किती वाजले होते?" बहुतेक घरांत उत्तर येतं, "रात्री जेवताना झालं, सकाळी नेलं."

लालबागच्या चाळीतल्या एका काकांचं असंच झालं. रात्री साडेनऊला जेवताना हातातला भाकरीचा तुकडा दोनदा ताटात पडला. काकू म्हणाल्या, हात आखडला असेल. बाम चोळला, काका झोपले. सकाळी सदऱ्याची बटणं लावता येईनात आणि बोलणं बोबडं झालं, तेव्हा टॅक्सी बोलावली. तो मेंदूचा झटका, म्हणजे लकवा (स्ट्रोक) होता. मधले अकरा तास हातचे गेले.

मेंदूला रक्त पुरवणारी मोठी नळी गुठळीने बंद झाली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी नळी तुंबली असेल तर जांघेतून बारीक नळी घालून गुठळी बाहेर काढता येते. काही निवडक पेशंटमध्ये हे २४ तासांपर्यंत करतात, पण उशीर होईल तसा वाचवण्याजोगा मेंदू कमी उरतो. म्हणून एका बाजूचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेनात, एकाएकी दिसेनासं झालं किंवा तोल गेला, तर आधी घड्याळ पाहा आणि वेळ लिहून ठेवा. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल, तर माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता ती वेळ सांगा. डॉक्टर तिथूनच तास मोजतात.

दुसरी चूक रस्त्यावर होते. घाबरून गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये नेतात, तिथे सलाइन लागतं, मग कळतं की सीटी स्कॅन दुसरीकडे आहे. झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा, हे स्कॅनशिवाय कुणालाच सांगता येत नाही, आणि दोन्हींचे उपचार अगदी उलट आहेत. १०८ ला फोन करा. त्याआधी, म्हणजे आजच, घराजवळच्या मोठ्या हॉस्पिटलला विचारून ठेवा की रात्री सीटी होतो का, गुठळीचं इंजेक्शन देतात का. केईएम, सायन, नायर, जेजे इथे न्यूरॉलॉजीचे, म्हणजे मेंदू आणि नसांच्या आजारांचे, विभाग आहेत. संध्याकाळी सात वाजता आपल्या घरून तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, हे मुंबईकराला कुणी सांगायला नको.

अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत पाणी, चहा, साखर तोंडात घालू नका. गिळता येत नसेल तर ते थेट फुप्फुसात उतरतं. शेजारच्यांच्या सांगण्यावरून बीपीची गोळी जिभेखाली ठेवू नका, बीपी एकदम उतरलं तर मेंदूचं उरलंसुरलं रक्तही तुटतं. अ‍ॅस्पिरिनही स्कॅनआधी नको. मधुमेही माणूस असेल तर घरच्या मशीनवर साखर मात्र तपासा, कारण साखर फार उतरली तरी असाच झटका आल्यासारखं दिसतं.

आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तर? तरीही त्याच दिवशी जा. तो मोठ्या झटक्याआधीचा इशारा असू शकतो, आणि पुढचे दोन दिवस सगळ्यात धोक्याचे असतात.

नुसतं तोंड वाकडं झालं आणि त्याच बाजूच्या कपाळाला आठीही पडत नसेल, तर ती बहुधा चेहऱ्याच्या नसेची सूज, बेल्स पाल्सी असते. पण हा निवाडा घरी करू नका. तिचंही औषध ७२ तासांत सुरू झालं तर गुण चांगला येतो. डोळा मिटत नसेल तर तो कोरडा पडू देऊ नका, डॉक्टर देतील ते थेंब घाला आणि रात्री डोळा झाका.

आता माझ्या कामाचं. झटक्यानंतर माणूस घरी येतो आणि माया करणारेच नकळत दुखापत करतात. उठवताना लुळा हात धरून ओढतात. त्या खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, हाड खोबणीतून खाली सरकतं, आणि मग महिनोन्‌महिने दुखणाऱ्या खांद्यामुळे व्यायामच होत नाही. कमरेला आणि पाठीला आधार देऊन उठवा, बसल्यावर हाताखाली उशी द्या. बधिर हातापायाला गरम पाण्याची पिशवी लावू नका. मी भाजून फोड आलेली पावलं पाहिली आहेत, पेशंटला काही कळलंच नव्हतं. बोटं आधीच आवळलेली असतील तर दिवसभर रबरी चेंडू दाबायला लावू नका, त्यांना उघडायला शिकवायचं असतं. लकव्याच्या औषधासाठी गावी नेऊन दोन महिने घालवणारेही भेटतात. सुधारणा सगळ्यात वेगाने होते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत, ते दिवस असे जाऊ देऊ नका. काकांना आता वाटी धरता येते. भाकरी अजून काकूच मोडून देतात.

फिटेच्या बाबतीत दादरचा प्लॅटफॉर्म डोळ्यांसमोर येतो. कॉलेजचा मुलगा खाली पडला होता. चौघांनी हातपाय दाबून धरले, एकाने नाकाला चप्पल लावली, दुसरा दातांत किल्ली घालायला निघाला. यातलं काहीच करायचं नसतं. कांदा आणि चप्पल यांनी फीट थांबत नाही, ती बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत आपणहून थांबते. दाबून धरल्याने सांधे निखळतात, तोंडात घातलेल्या वस्तूने दात तुटतात. माणसाला रुळांपासून, जिन्यापासून दूर घ्या, डोक्याखाली बॅग द्या, कॉलर सैल करा, झटके थांबले की कुशीवर वळवा. घड्याळ इथेही लागतं. पाच मिनिटांपुढे फीट चालली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर लगेच हॉस्पिटल. जमलं तर एकाने मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा, फक्त डॉक्टरांना दाखवण्यासाठी. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) नॉर्मल आला तरी एपिलेप्सी, म्हणजे वारंवार फीट येण्याचा आजार, असू शकते, म्हणून पाहणाऱ्याची साक्ष फार मोलाची.

यातली सगळ्यात महागडी चूक म्हणजे "सहा महिने फीट नाही, आता गोळ्या बास." गोळ्या चालू आहेत म्हणूनच फीट नसते. नीट औषध घेतलं तर सुमारे ७० टक्के लोकांच्या फिटा आटोक्यात येऊ शकतात. उपासाच्या दिवशी, लग्नाच्या धावपळीत, नाइट शिफ्टला गोळी चुकवू नका. मुलींनी आणि त्यांच्या आयांनी गरोदरपणाच्या आधीच डॉक्टरांशी बोलावं, कारण व्हॅल्प्रोएटसारखी गोळी बाळाला घातक ठरू शकते. पण ती मनाने बंद करणंही तितकंच वाईट. आणि स्थळ पाहताना आजार लपवू नका. एपिलेप्सीला लग्नाच्या आड आणणारी तरतूद १९९९ सालीच कायद्यातून काढली गेली. लपवलं की गोळ्याही चोरून घ्याव्या लागतात, आणि मग त्या चुकतात.

खांदा आखडला म्हणून माझ्याकडे आलेल्या काही पेशंटना पुढे पार्किन्सन्स (कंपवात) निघाला. थरथर नव्हती, पण चालताना एक हात हलत नव्हता आणि बँकेची सही बारीक होत गेली होती. वास न येणं, जुनी बद्धकोष्ठता हेही त्याचे धागे असू शकतात. "वय झालं" म्हणून सोडू नका. निदान झालं की त्यावरच्या लिव्होडोपा या गोळीची वेळ पाळा. ती डाळ, अंडी, दूध यांच्यासोबत किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेतली तर कमी शोषली जाते. अचानक बंद तर कधीच करू नका.

डोकेदुखीवर थोडक्यात: दर वेळी पित्त म्हणून मेडिकलमधून गोळी आणू नका. महिन्यात १५ किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. मायग्रेनचा वेगळा, नियमित उपचार असतो. पण आयुष्यात कधी दुखलं नाही असं एका क्षणात फुटल्यासारखं डोकं दुखलं, तर थेट हॉस्पिटल.

पायांत मुंग्या येऊन दोन-चार दिवसांत स्टेशनचा जिना चढवेना, अशक्तपणा वर सरकत हातांपर्यंत आला, तर थकवा समजून टॉनिक घेत बसू नका. तो जीबीएस (गिलेन-बारे सिंड्रोम, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते तो आजार) असू शकतो, आणि त्यात श्वासाचे स्नायूही बसू शकतात.

आजोबा विसरायला लागले तर विसरभोळेपणावर हसून सोडू नका. बी-१२ आणि थायरॉइड तपासा. हे कमी असल्याने आलेला विसर उपचाराने सुधारू शकतो. आणि विसर किंवा झोपाळूपणा थोड्याच आठवड्यांत वाढला असेल, तर मागच्या दोन-तीन महिन्यांत बाथरूममध्ये पडले होते का, लोकलच्या दाराला डोकं आपटलं होतं का, आठवून पाहा. म्हातारपणी छोट्याशा माराने कवटीच्या आत हळूहळू रक्त साचतं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. ते काढता येतं. टेंगूळ केव्हाच विरलेलं असतं, त्यामुळे ते पडणं घरच्यांच्या बोलण्यात येतच नाही. डॉक्टरांना ते आपणहून सांगा.