वाय-फाय लागत नाही म्हणजे नेमकं काय लागत नाही

पंचवटीत, काळाराम मंदिराजवळच्या आमच्या जुन्या वाड्यात मी आठवी ते दहावीच्या मुलांची गणित-विज्ञानाची शिकवणी घेते. संध्याकाळी सहाला मुलं येतात. बहुतेकांकडे टॅब असतो, दोघांकडे मोठ्या भावंडांचा जुना लॅपटॉप. "मॅडम, वाय-फाय लागत नाहीये" हे वाक्य रोज कुणाकडून तरी येतंच. शेजारच्या काकूही टॅब हातात घेऊन हेच म्हणत ओटीवर येतात.

आता मी लगेच टॅब हातात घेत नाही. आधी विचारते, "नाव दिसत नाही, नाव दिसतं पण जोडलं जात नाही, की जोडलं गेलंय पण काही उघडत नाही?" या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींचं औषध वेगळं आहे. वाय-फाय म्हणजे तुमच्या टॅबपासून राउटरपर्यंतचाच, म्हणजे नेटवाल्यानं घरात लावलेल्या डब्यापर्यंतचाच रस्ता. राउटरच्या पुढे फायबरची तार आहे, तिचा वाय-फायशी संबंध नाही. एवढं मनात पक्कं असलं की निम्मी धावपळ वाचते.

आधी जोडायचं कसं ते सांगते. विंडोज ११ च्या लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि ए एकत्र दाबा. उजवीकडे खाली छोटी चौकट उघडते. तिथल्या वाय-फायच्या चिन्हाशेजारच्या बाणावर टिचकी मारली की आसपासच्या नेटवर्कची यादी येते. आपलं नाव निवडा, 'कनेक्ट ऑटोमॅटिकली'वर खूण ठेवा आणि पासवर्ड टाका. अँड्रॉइड टॅबवर वरून बोट खाली ओढा आणि वाय-फायच्या चिन्हावर बोट दाबून धरा, म्हणजे थेट यादीच उघडते. आयपॅडवर सेटिंग्जमध्ये वरच वाय-फाय आहे.

यादीच आली नाही, वाय-फायचं बटण करडं दिसत असलं, तर एअरप्लेन मोड बघा. लॅपटॉपच्या वरच्या ओळीतल्या एखाद्या कळीवर विमानाचं चित्र असतं आणि ती चुकून दाबली जाते. काही जुन्या लॅपटॉपना कडेला किंवा पुढच्या बाजूला वाय-फायचं सरकवायचं बटणही असतं. माझ्या एका विद्यार्थ्याचा लॅपटॉप दुरुस्तीला जाणार होता. बॅगेत घासून ते बटण सरकलं होतं, एवढंच.

बाकी सगळी नावं दिसतात आणि आपलंच दिसत नाही, असं झालं तर गोष्ट थोडी खोलात जाते. राउटर रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांवर (बँडवर) बोलतो: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पुष्कळ राउटर दोन नावं दाखवतात आणि एकाच्या शेवटी '५जी' असतं. या ५जीचा मोबाइलच्या ५जीशी काही संबंध नाही, तो फक्त पट्ट्याचा आकडा आहे. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकतो. २.४ हळू, पण लांब जातो आणि भिंतही बऱ्यापैकी ओलांडतो. जुन्या स्वस्त लॅपटॉपमध्ये फक्त २.४ चीच सोय असते, म्हणून फोनवर ५जीचं नाव दिसतं आणि लॅपटॉपवर दिसत नाही. लॅपटॉप बिघडलेला नाही. त्याला यादीतल्या दुसऱ्या, २.४ च्या नावाला जोडा.

आमच्या वाड्याच्या भिंती दीड हात जाड, दगड-विटांच्या. नेटवाल्यानं डबा ओटीवर, दाराच्या चौकटीशेजारी लावला होता, कारण तार तिथूनच आत आली. मुलं बसतात माजघरात, तिथे ५जीची एकच काडी. स्वयंपाकघरात तीही नाही. वर्षभर मी मुलांना ओटीकडे सरकवत राहिले. मग पंधरा मीटरची लॅन केबल आणून ओटीवरच्या डब्यापासून माजघराच्या फडताळापर्यंत नेली आणि तिथे दुसरा साधा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलनं आलेलं नेट तिथून वाय-फायनं पसरवायला लावला. लॅन केबल शंभर मीटरपर्यंत चालते, त्यामुळे वाड्यात अंतराची चिंताच नाही. जाड भिंतींच्या घरात रिपीटरपेक्षा मी हेच सुचवीन. रिपीटर मुळात मिळालेली रेंजच पुढे देतो, आणि भिंतीपलीकडे त्यालाच नीट रेंज मिळाली नाही तर तो पुढे काय देणार? गंगापूर रोड, इंदिरानगरकडच्या फ्लॅटमध्ये एवढं करावं लागत नाही. राउटर टीव्हीमागून किंवा लोखंडी कपाटावरून काढून घराच्या मध्यावर, उंच आणि उघड्या जागी ठेवला तरी पुष्कळ फरक पडतो. मायक्रोवेव्हशेजारी मात्र नको. तोही २.४ च्याच आसपास चालतो आणि सुरू असेपर्यंत त्या पट्ट्यावर गोंधळ घालतो.

आता दुसरी तक्रार, नाव दिसतं पण जोडलं जात नाही. बहुतेक वेळा पासवर्डच चुकलेला असतो. डब्याखालच्या चिठ्ठीवर इंग्रजी ओ आणि शून्य, छोटा एल आणि कॅपिटल आय सारखेच दिसतात. पासवर्डच्या चौकटीतलं डोळ्याचं चिन्ह दाबा आणि काय टाइप होतंय ते वाचा. आपल्याकडे आणखी एक गंमत घडते: लॅपटॉपवर मराठी कीबोर्ड सुरू राहिलेला असतो. ठिपके पडत राहतात, आणि त्यामागे देवनागरी अक्षरं असतात. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून इंग्रजीवर या. घरातला अँड्रॉइड फोन १० किंवा त्यापुढच्या आवृत्तीचा असेल तर टाइप करायचीच गरज नाही. फोनमध्ये जोडलेल्या वाय-फायवर 'शेअर' दाबलं की क्यूआर कोड येतो, तो टॅबनं स्कॅन करायचा. काकूंना मी हेच शिकवलं. पुण्याहून नातवंडं आली की आता त्या स्वतः कोड दाखवतात.

राउटरचा पासवर्ड मधेच बदलला असेल तर जुनं यंत्र जुन्याच पासवर्डानं दार ठोठावत राहतं. तेव्हा त्या नावावर 'फर्गेट' करा आणि पुन्हा नव्यानं जोडा.

तिसरी तक्रार सगळ्यात फसवी: कनेक्टेड लिहिलंय, पण पान उघडत नाही. घरातलं दुसरं यंत्र त्याच वाय-फायवर चालतंय का बघा. तेही बंद असेल तर टॅबला हात लावू नका, डब्याकडे जा. फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा लाल असेल किंवा लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. रस्ता खोदताना तार तुटली असेल, किंवा घरातच झाडताना ती मुडपली असेल. वाय-फायची कुठलीही सेटिंग बदलून तो दिवा विझणार नाही.

दिवे नीट असतील तर राउटरची वीज बंद करून अर्धा मिनिट थांबा, मग सुरू करा आणि दोन-तीन मिनिटं वाट बघा. पावसाळ्यात आमच्याकडे वीज सारखी ये-जा करते. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, म्हणून राउटर बंद पडून नव्यानं उठतोय हे लक्षातच येत नाही. राउटरसाठी छोटा बारा व्होल्टचा यूपीएस मिळतो. तो घेतल्यापासून शिकवणीत खंड पडलेला नाही. मात्र डब्याच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रीसेट करू नका, हे मी हात जोडून सांगते. त्यानं नेटवाल्यानं भरलेलं लॉगिनही पुसलं जाऊ शकतं. ऐन सहामाहीच्या आधी आमच्याकडे असं झालं आणि दोन दिवस नेट नव्हतं.

दुसरी यंत्रं चालतात आणि एकच अडतं, तर त्या यंत्राची तारीख बघा. दिवाळीच्या सुट्टीत कपाटात पडून राहिलेला एका मुलीचा टॅब चार्ज केला तर तारीख काही वर्षं मागे गेलेली. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते. टॅबच्या हिशेबानं ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालं नव्हतं, म्हणून तो एकही पान उघडेना. तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक' केली आणि सगळं आलं. लॅपटॉपवर आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर राउटरकडून त्याला पत्ताच मिळालेला नाही. फर्गेट करून पुन्हा जोडा, तरी नाही झालं तर लॅपटॉप आणि राउटर दोन्ही बंद करून सुरू करा.

बाहेर असताना मुलं फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडतात. सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, अभ्यासाला बसणाऱ्या एकीचा दिवसाचा डेटा तासाभरात संपायचा. विंडोज मागच्या मागे अपडेट उतरवत होतं. त्या हॉटस्पॉटच्या नावाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' सुरू केलं की विंडोज हात आखडता घेतं. जुन्या लॅपटॉपला हॉटस्पॉट दिसला नाही तर फोनमध्ये बँड २.४ करा. आयफोनवर त्यालाच 'मॅक्झिमाइझ कंपॅटिबिलिटी' म्हणतात. रेल्वे स्थानकांवरच्या रेलवायर नावाच्या वाय-फायला जोडल्यावर आधी एक पान उघडतं आणि मोबाइल नंबर मागतं. ओटीपी टाकेपर्यंत नेट मिळत नाही, म्हणून सिम नसलेला टॅब असेल तर फोन जवळ ठेवा. अशा उघड्या नेटवर्कवर बँकेचं काम करू नका.

घरच्या राउटरवर सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा. जुनं डब्ल्यूईपी दिसलं तर तातडीनं बदला, ते काही मिनिटांत फोडता येतं. शिकवणीच्या मुलांसाठी मी 'गेस्ट' नेटवर्क वेगळं काढलंय. त्याचा पासवर्ड फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला असतो आणि दर जूनला बदलतो.

इतकं करूनही अडलं तर नेटवाल्याला फोन करा, पण नुसतं "नेट नाही" सांगू नका. कुठला दिवा कोणत्या रंगाचा आहे, एकच यंत्र अडलंय की सगळी, आणि लॅन केबलनं लॅपटॉप थेट डब्याला जोडल्यावर चालतं का, हे तिन्ही आधी बघून कागदावर लिहा. मागच्या श्रावणात एलओएस लाल आहे असं मी पहिल्याच वाक्यात सांगितलं, आणि त्यांचा माणूस फायबर जोडायचं यंत्र सोबत घेऊनच आला.