नवा क्लच शाफ्टवर बसत नाही? हातोडा बाजूला ठेवा

मिनीबाइकचा सेंट्रिफ्युगल क्लच (इंजिनाचा वेग वाढला की आपोआप धरणारा) इंजिनाच्या शाफ्टवर हातानेच सरकला पाहिजे. थेंबभर तेल आणि अंगठ्याचा जोर, बस्स. ‘नवा आहे, घट्ट असणारच, वर लाकूड ठेवून ठोका’ हा सल्ला जिकडेतिकडे मिळतो आणि तो साफ चुकीचा आहे. होंडा जीएक्स आणि त्या धाटणीच्या चिनी इंजिनांत क्रँक (त्याचं बाहेर आलेलं टोक म्हणजेच हा शाफ्ट) दोन बॉल बेअरिंगवर फिरतो. एक केसमध्ये, दुसरं साइड कव्हरमध्ये. शाफ्टच्या तोंडावर मारलेला प्रत्येक घाव त्या बेअरिंगच्या गोळ्यांपर्यंत पोचतो. वर शाफ्टचं तोंड पसरतं ते वेगळंच, म्हणजे पुढच्या वेळी बरोबर मापाचा क्लचही आत जाणार नाही. क्लच अडतो तेव्हा तो कुठेतरी एका नेमक्या जागी अडत असतो. ती जागा शोधायची आणि तेवढीच दुरुस्त करायची.

स्पार्क प्लगची कॅप काढा, चेन उतरवा, जुना क्लच पुलरने ओढा (पुलरचे पाय हबला, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भागाला लावा, बाहेरच्या वाटीसारख्या ड्रमला नाही), शाफ्ट थिनरने पुसून घ्या. नव्या क्लचला ग्रब स्क्रू (हब शाफ्टवर पक्का करणारा बिनडोक्याचा स्क्रू) असेल तर तो दोन-तीन आटे मागे घ्या. तो बोअरमध्ये, म्हणजे क्लचच्या मधल्या भोकात, केसभर डोकावत असला तरी क्लच अडतो, आणि पुष्कळदा दोष एवढाच निघतो.

आधी माप, मग तर्क

व्हर्नियरने शाफ्ट तीन जागी मोजा: तोंडाजवळ, मध्ये आणि आत खांद्याजवळ. मग क्लचचं बोअर मोजा. पट्टीने मोजलेलं माप इथे कामाचं नाही.

मिनीबाइक हा मूळचा अमेरिकी प्रकार, त्यामुळे मापं इंचात. प्रिडेटर २१२ (प्रिडेटर हा तिकडचा इंजिनांचा ब्रँड), जीएक्स १६०, जीएक्स २०० या वर्गातल्या इंजिनांना तिकडे पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिमीचा शाफ्ट असतो आणि की (शाफ्ट आणि हब यांच्या खाचांत बसून दोघांना एकत्र फिरवणारा चौकोनी तुकडा) दीड सुताची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), ४.७६ मिमी. ७९ आणि ९९ सीसीच्या छोट्या प्रिडेटरला पाच सुती शाफ्ट, १५.८८ मिमी. जीएक्स ३९० किंवा प्रिडेटर ४२० असेल तर एक इंची, २५.४ मिमी, आणि की दोन सुताची.

आपल्याकडे घोळ होतो तो यापुढे. फवारणीचा पंप किंवा जनरेटरवरून काढलेलं १६८एफ हे जीएक्सच्या धाटणीचं इंजिन फ्रेमवर चढवलं जातं आणि क्लच बाहेरून मागवला जातो. ही इंजिनं १९.०५ मिमीच्या शाफ्टमध्येही येतात आणि २० मिमीच्याही. जीएक्स १६० सुद्धा दोन्ही शाफ्टमध्ये बनतं. डोळ्याला फरक कळत नाही, पण पाऊण इंची क्लच २० मिमीच्या शाफ्टवर कधीही जाणार नाही, कितीही घासा. माप २० आलं तर इथेच थांबा आणि २० मिमीचा क्लच मागवा. उद्यमनगरात किंवा भोसरीत कुणीही टर्नर हब २० मिमीला बोअर करून देईल, पण नुसत्या बोअरिंगने भागत नाही. कीची खाचही पुन्हा पाडावी लागते आणि आतला बुशही (ड्रम ज्यावर फिरतो ती ब्राँझची नळी) नवा लागतो. तो खर्च क्लच बदलून घेण्यापेक्षा जास्त पडतो. क्रँक लेथवर उतरवून १९.०५ करायचा विचार तर मनातही आणू नका.

उलटा प्रकारही होतो. २० मिमीचा क्लच पाऊण इंची शाफ्टवर सहज जातो आणि माणूस खूश होतो. मध्ये जवळजवळ एक मिमीची फट आहे. तिथे डब्याचा पत्रा गुंडाळून भागवू नका. क्लच एका बाजूला बसतो, स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) लंगडतं आणि चेन अर्ध्या फेऱ्यात ताठ, अर्ध्या फेऱ्यात सैल अशी धावते.

की काढून चढवा

माप जुळतंय आणि तरीही अडतंय, तर की काढून ठेवा आणि नुसता क्लच चढवा. सरळ आत गेला तर दोष कीमध्ये. तरीही अडला तर दोष शाफ्टवर किंवा बुशमध्ये. ही अर्ध्या मिनिटाची चाचणी न करता लोक तासभर पॉलिश पेपर घासत बसतात.

कीचं गणित असं. पाऊण इंची शाफ्ट आणि दीड सुती चौरस की यांच्या प्रमाण मापांत, की खाचेत बसवल्यावर कीच्या माथ्यापासून शाफ्टच्या पलीकडच्या बाजूपर्यंत साधारण २१.१३ मिमी भरतं. हबमध्ये खाचेच्या तळापासून समोरच्या बाजूपर्यंत साधारण २१.२६ मिमी हवं. म्हणजे कीच्या माथ्यावर जेमतेम ०.१३ मिमीची जागा उरते. शाफ्टच्या खाचेत तळाशी जुन्या थ्रेड लॉकचा (बोल्ट सुटू नये म्हणून लावतात तो गोंद) एक कपचा राहिला, तरी ती जागा संपते. तो कपचा टोकदार खिळ्याने खरवडून काढा.

रुंदीत मात्र की सैल नको. बाजूंना घट्ट, माथ्यावर मोकळी, हा नियम. अंगठ्याने दाबून किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीने हलकं टोकून आत गेली पाहिजे. दुकानात ५ मिमीची की सहज मिळते, दीड सुती मिळेलच असं नाही. ती ५ मिमीची तशीच दामटू नका. दोन बाजूंनी कानस मारून ४.७६ वर आणा, मग काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर सपाट घासा. घासायची ती की, शाफ्टची खाच नव्हे. की चुकली तर दुसरी करता येते, क्रँकची खाच एकदा रुंदावली की ती तशीच राहते. आणि मोडक्या ड्रिल बिटचा तुकडा की म्हणून घालू नका. तो कडक असतो, झटका बसला की स्वतः तुटायच्या आधी खाच फाडतो.

खरी अडचण: शाफ्टवरचा न दिसणारा उंचवटा

माप बरोबर, की बाहेर, तरी क्लच बोटभर जाऊन अडतो. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि हातोडा हातात येतो. इथे घाई करू नका.

एक सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच ढकलतं. जुनी की जराशी सैल असेल तर प्रत्येक ढकलीला ती खाचेच्या एका भिंतीवर आपटत राहते. त्या आपटण्याने भिंतीची वरची कड चेपून बाहेर फुटते. तिला वर्कशॉपात बर म्हणतात. दिसायला काही दिसत नाही. खाचेवर आडवं नख फिरवा, एका कडेला ते अडकेल. तिरका टॉर्च मारलात तर त्या कडेला बारीक चमकती रेघ दिसेल.

दुसरा प्रकार बुशचा. क्लच सुटलेला असताना स्प्रॉकेट आणि ड्रम ज्या ब्राँझच्या बुशवर फिरतात, तो अनेक क्लचमध्ये थेट शाफ्टवर बसतो. तेल न घातल्याने तो सुकला की शाफ्टला चिकटून ओरखडे पाडतो. शाफ्टवर निळसर पट्टा आणि सोनेरी रेघा दिसल्या तर समजा हेच झालंय. सोनेरी ते बुशचं ब्राँझ, ते लगेच निघतं. त्याखाली ओरखड्याच्या काठाला शाफ्टचंच स्टील वर आलेलं असतं, आणि नवा क्लच अडतो तो तिथे.

नेमकी जागा शोधायला पर्मनंट मार्करने शाफ्ट पूर्ण काळा करा. की न घालता क्लच हळूहळू फिरवत अडेपर्यंत सरकवा आणि परत काढा. जिथे शाई खरवडून स्टील चमकतंय, तेवढंच ठिकाण दोषी. फक्त खाचेच्या कडेला चमकलं तर बर. गोल कड्यासारखं चमकलं तर बुशचा ओरखडा. फक्त तोंडाला चमकलं तर आधी कुणीतरी ठोकलंय. आणि शाई सगळीकडून सारखी गेली असेल तर शाफ्ट निर्दोष आहे, बोअर लहान आलंय. क्लच परत करा.

घासायच्या आधी ऑइल सील झाका. शाफ्ट जिथे इंजिनातून बाहेर येतो तिथे ग्रीस लावलेली चिंधी गुंडाळा, वर टेप मारा. एमरीची धूळ सीलच्या ओठात गेली तर महिन्याभरात तेल गळायला लागतं आणि मग लोक नव्या क्लचला दोष देतात.

बरसाठी बारीक दातांची सपाट कानस खाचेच्या कडेला ४५ अंशांत टेकवा आणि शाफ्टच्या लांबीच्या दिशेने दोन-तीन हलके हात मारा. कड मोडायची आहे, खाच रुंद करायची नाही. नख अडकायचं थांबलं की थांबा. तोंड पसरलं असेल तर कानस तिरपी धरून तोंडाभोवती बारीक उतार द्या.

गोल ओरखड्यासाठी ३२० नंबरच्या एमरी कापडाची बोटभर रुंद पट्टी कापा, तेल लावा, शाफ्टभोवती घेऊन बुटाला पॉलिश करतात तशी दोन्ही हातांनी ओढा. दहा-बारा ओढी झाल्या की क्रँक पाव फेरा फिरवा, नाहीतर शाफ्ट एका बाजूने घासला जाऊन अंडाकृती होतो. प्रत्येक पूर्ण फेऱ्यानंतर मोजा. जुना क्लच जिथे पोचतच नव्हता तिथलं माप हे तुमचं लक्ष्य. त्याच्या खाली जाऊ नका. शेवटचा हात ६०० नंबरचा. मग पुसा, पुन्हा मार्कर लावा, पुन्हा क्लच घालून पाहा. दोन-तीनदा हे करावं लागतं आणि करायलाच हवं.

इंजिन चालू करून फिरत्या शाफ्टवर एमरी धरण्याची ‘युक्ती’ सांगणाऱ्याचं ऐकू नका. पट्टी गुंडाळली गेली की बोट तिच्याबरोबर जातं.

बुश गरम करून किंवा आतून रीमर मारून मोठा करणंही नको. तो तेल मुरवलेला सच्छिद्र ब्राँझ असतो. गरम केला की तेल बाहेर येतं, रीमर मारला की छिद्रं बुजतात, आणि काही दिवसांत तो पुन्हा शाफ्टला धरतो.

चढवताना क्रम चुकवू नका

बुश थेट शाफ्टवर फिरणार असेल तर त्याच्याखाली की येता कामा नये. की फक्त हबच्या लांबीइतकी आणि हबच्याच खाली हवी. पाऊण इंची शाफ्टची खाच बहुधा तोंडापर्यंत उघडी असते, तिचा फायदा घ्या. स्प्रॉकेट इंजिनाच्या बाजूला असेल तर आधी क्लच चढवा, खाचा जुळवा आणि की बाहेरून सरकवा. स्प्रॉकेट बाहेरच्या बाजूला असेल तर की आधी आत, मग क्लच. की आधी घालून मग स्प्रॉकेटच्या बाजूने क्लच दामटणं, हेच ‘बसत नाही’ या तक्रारीचं एक मोठं कारण आहे. तिथे बुश कीच्या डोक्यावर आपटत असतो. चेनची रेषा जमत असेल तर स्प्रॉकेट इंजिनाच्याच बाजूला ठेवा, चेनची ओढ बेअरिंगजवळ राहते.

बुशला दोन थेंब तेल द्या. शूवर (वेग वाढला की ड्रमला आतून धरणारे तुकडे) आणि ड्रमच्या आत एक थेंबही जाऊ देऊ नका.

शेवटचा बोल्ट तपासून घ्या. पाऊण इंची शाफ्टच्या तोंडाला अडीच सुती, इंचाला २४ आट्यांचा बारीक बोल्ट लागतो. मेट्रिक शाफ्टला एम८. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिमी, म्हणून एम८ बोल्ट त्यात दीड-दोन आटे गोडीत जातो आणि मग क्रँकचे आटे खातो. बोल्ट बोटांनी पाच-सहा फेरे गेला तरच पाना लावा. वॉशर जाड घ्या, मध्यम ताकदीचा थ्रेड लॉक लावा. बोल्ट आवळल्यावर हब धरून ड्रम हाताने फिरवा. मोकळा फिरला पाहिजे आणि शाफ्टच्या दिशेने अगदी किंचित हलला पाहिजे. जाम झाला तर वॉशर ड्रमला दाबतोय. मध्ये पातळ स्पेसर द्या.

चेनचं माप एकदा पाहाच. ३५ नंबरचं स्प्रॉकेट आलं आणि चेन ४२० असेल तर चेन दातांवर बसणारच नाही. ४१ आणि ४२० एकमेकांना चालतात. आपल्या मोटरसायकलची ४२८ चेन त्या स्प्रॉकेटवर बसल्यासारखी वाटते, कारण पिच (लागोपाठच्या दोन रोलरमधलं अंतर) तोच आहे, १२.७ मिमी, पण तिचे रोलर जाड आहेत, ती दातांच्या तळाला टेकत नाही आणि दात खाते.

मागचं चाक उचलून इंजिन सुरू करा. जीएक्स १६० चं आयडल (थ्रॉटल न देता इंजिन फिरतं तो वेग) साधारण १४०० आरपीएम, आणि असे बहुतेक क्लच १८०० च्या पुढे धरायला लागतात. आयडलला चाक जोरात फिरत असेल तर आधी आयडल उतरवा, मग वॉशर पाहा. दहा मिनिटं चालवून बंद करा, थंड झाल्यावर बोल्टला पुन्हा एकदा पाना लावा.