पहिल्या वर्षाचे फूटी खेळाडू जोखताना या चुका टाळा

फेब्रुवारी लागला की मेलबर्नमध्ये हवा बदलते. क्रिकेटचा हंगाम अजून संपलेला नसतो, पण ऑफिसच्या किचनमध्ये, टार्निटच्या ट्रेनमध्ये आणि शाळेच्या गेटबाहेर फूटीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या, गप्पा सुरू झालेल्या असतात. त्यातला सगळ्यात गोड विषय म्हणजे नवी पोरं. नोव्हेंबरच्या ड्राफ्टमध्ये क्लबांनी निवडलेली, नुकतीच बारावी झालेली, अठरा वर्षांची. यंदा यातला कोण चमकणार?

आपल्याकडची बरीच मराठी कुटुंबं मुलांच्या ऑस्किकमुळे (लहान मुलांना फूटी शिकवणारा कार्यक्रम) या खेळात ओढली गेली. एएफएलच्या, म्हणजे या खेळाच्या सर्वोच्च लीगच्या, फँटसी लीगमध्येही आता मराठी नावं दिसतात. फँटसीत नव्या पोरांची किंमत कमी असते, त्यामुळे त्यांच्यावर सगळा डाव उभा असतो. मी गेली बारा वर्षं हा खेळ जीव लावून बघते आहे आणि खाली लिहिलेल्या बहुतेक चुका स्वतः केल्या आहेत. त्या सगळ्यांचं मूळ मला एकच दिसतं. ‘हा पोरगा चांगला आहे का?’ हा एक प्रश्न आणि ‘हा यंदा खेळेल का?’ हा दुसरा. आपण पहिल्याचं उत्तर शोधतो आणि ते दुसऱ्याला चिकटवतो.

ड्राफ्टचा नंबर म्हणजे यंदाचा अंदाज, असं धरणं

2022 च्या ड्राफ्टमधली पहिली तीन नावं घ्या. पहिला आरन कॅडमन, दुसरा विल अ‍ॅशक्रॉफ्ट, तिसरा हॅरी शीझेल. 2023 चा हंगाम संपला तेव्हा राइझिंग स्टार (सर्वोत्तम तरुण खेळाडूचा) पुरस्कार शीझेलकडे होता, आणि नॉर्थ मेलबर्नचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला होता. अ‍ॅशक्रॉफ्ट ब्रिस्बेनसाठी सुंदर खेळत होता, पण वर्षाच्या मध्यावर त्याचा गुडघा गेला. कॅडमन मात्र ग्रेटर वेस्टर्न सिडनीच्या संघात आत-बाहेर होत राहिला.

म्हणून कॅडमनची निवड चुकली का? अजिबात नाही. तो की फॉरवर्ड आहे, म्हणजे गोलसमोर दोन-दोन बचावपटूंच्या खांद्यांवरून उडी मारून चेंडू झेलणारा. अठराव्या वर्षी ते काम करायला अंगात ताकदच नसते. क्लबनं त्याला पुढच्या दहा वर्षांसाठी घेतलं होतं आणि आपण मार्चपासूनच हिशेब मागत होतो.

नंबर फसवा ठरण्याचं आणखी एक कारण आहे. ज्याच्या वडिलांनी एखाद्या क्लबसाठी शंभर किंवा जास्त सामने खेळले, त्याच्यावर त्या क्लबचा पहिला हक्क असतो. दुसऱ्या क्लबनं त्याचं नाव पुकारलं की वडिलांचा क्लब आपले मागचे नंबर खर्चून त्याला घेतो. निक डेकॉस 2021 मध्ये कॉलिंगवूडला चौथ्या नंबरावर मिळाला तो असा. त्याचे वडील पीटर डेकॉस त्याच क्लबचे. म्हणजे तो ‘4’ हा आकडा इतर क्लब काय करतात यावर ठरला होता. पुढच्या वर्षी राइझिंग स्टार तोच झाला.

आणि खालचे नंबर? अ‍ॅडम गुड्स 1997 च्या ड्राफ्टमध्ये 43 वा होता. 1998 चं अख्खं वर्ष तो सिडनीच्या राखीव संघात खेळला, मुख्य संघात एकही सामना नाही. 1999 मध्ये राइझिंग स्टार, पुढे दोन ब्राउनलो पदकं (लीगमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी) आणि 372 सामने. 1998 च्या फेब्रुवारीत त्याला कोणी जोखलं असतं तर काय म्हटलं असतं, हा विचार माझ्या मनात दर वर्षी येतो.

जागा न बघता माणूस बघणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक, म्हणून इथे जरा थांबते.

मैदानावर प्रत्येक संघाचे अठरा जण असतात आणि प्रत्येक जागेचं काम वेगळं, ते शिकायला लागणारा काळही वेगळा. पहिल्याच वर्षी हाताला भरपूर चेंडू लागण्याची सगळ्यात मोठी शक्यता कुठे असते? हाफ-बॅकला. बचावफळीतून चेंडू बाहेर काढणारा तो माणूस. तिथे चेंडू समोरून येतो, पुढचं मैदान दिसत असतं आणि मधल्या गर्दीपेक्षा वेळ थोडा जास्त मिळतो. ज्याची किक अचूक आहे अशा पोराला प्रशिक्षक तिथे विश्वासानं उभा करतात.

शीझेल ज्युनिअर फूटीत फॉरवर्ड होता, गोल मारणारा. नॉर्थनं त्याला हाफ-बॅकला नेलं आणि 2023 च्या पहिल्याच सामन्यात, वेस्ट कोस्टविरुद्ध, त्यानं 34 वेळा चेंडू खेळवला. ‘छान फॉरवर्ड आहे, चार-पाच सामने तर मिळतीलच’ असं धरून बसलेल्यांचा सगळा हिशेब उलटा पडला. बातमी लपलेली नव्हती. सराव सामन्यांत तो मागे उभा असलेला दिसत होता, फक्त बघायला हवं होतं. डेकॉसचंही तसंच. ज्युनिअरमध्ये मिडफिल्डर, पण 2022 मध्ये मुख्यतः हाफ-बॅकला. मिडफिल्डला तो नंतर गेला.

फँटसीत तर जागेचा फरक थेट आकड्यांत उतरतो. किकला 3 गुण, मार्कला (किक झेलली की) 3, हँडबॉलला (मुठीनं मारलेल्या पासला) 2, टॅकलला (समोरच्याला पकडून अडवलं की) 4, गोलला 6. हाफ-बॅकनं मोकळं उभं राहून चेंडू झेलला आणि बाजूच्या सोबत्याला किक मारून दिला की 6 गुण झाले, आणि हे तो सामन्यात अनेकदा करतो. याउलट बरीच नवी पोरं लहान फॉरवर्ड म्हणून सुरुवात करतात. त्यांचं मुख्य काम समोरच्याचा पाठलाग करून त्याला चूक करायला लावणं. प्रशिक्षक त्यावर खूश असतो, पोराची जागाही पक्की होते, पण त्याच्या नावापुढे दहा-बारा डिस्पोझल्सच (किक आणि हँडबॉल मिळून) दिसतात. त्याला ‘फेल’ म्हणू नका. तो सांगितलेलं काम करतोय.

आणि उंच पोरं. रक, म्हणजे पंचानं चेंडू वर टाकला की उडी मारून तो आपल्या माणसाकडे ढकलणारा, आणि की फॉरवर्ड यांना तीन-चार वर्षं द्यायचीच. मॅक्स गॉन 2009 मध्ये 34 वा निवडला गेला. गुडघ्याच्या दुखण्यातून उठत उठत तो ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात, आला 2016 मध्ये. 2021 मध्ये मेलबर्न क्लबला 57 वर्षांनी विजेतेपद मिळालं तेव्हा कर्णधार तोच होता. जेसी होगनला मेलबर्ननंच 2012 च्या मिनी-ड्राफ्टमधून (सतरा वर्षांच्या मुलांसाठीचा वेगळा ड्राफ्ट) घेतलं. 2013 मध्ये वयाच्या नियमामुळे तो मुख्य संघात खेळू शकला नाही, 2014 पाठीच्या दुखापतीत गेलं. पदार्पण 2015 मध्ये, आणि त्याच वर्षी राइझिंग स्टार. ल्यूक जॅक्सनसारखा रक दुसऱ्याच वर्षी हा पुरस्कार घेऊन जातो, पण तो अपवाद आहे आणि अपवादावर डाव लावू नये.

जागा रिकामी आहे का, हे न विचारणं

सॅम वॉल्श 2018 च्या ड्राफ्टमधला पहिला. कार्लटन तेव्हा तळाला होता, पळणाऱ्या मिडफिल्डरची त्यांना गरज होती, आणि 2019 मध्ये त्यानं 22 पैकी 22 सामने खेळले. ऑली डेम्प्सीला जीलाँगनं 2021 च्या रूकी ड्राफ्टमधून उचललं, म्हणजे मुख्य ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नव्हतं. जीलाँगकडे अनुभवी माणसांची रांग होती. त्यामुळे त्याला पहिल्या दोन वर्षांत फार थोडे सामने मिळाले. 2024 मध्ये, तिसऱ्या हंगामात, तो राइझिंग स्टार झाला. हा पुरस्कार ‘पहिल्या वर्षाचा’ असतो हा समज इथे दुरुस्त करून घ्या. 1 जानेवारीला वय 21 च्या आत आणि हंगाम सुरू होताना खात्यावर दहापेक्षा जास्त सामने नसावेत, एवढीच अट आहे.

म्हणून नव्या पोराचं नाव लिहिण्याआधी त्या क्लबच्या यादीत तीन गोष्टी बघा: त्या जागेवरचा कोण निवृत्त झाला, कोण दुसऱ्या क्लबला गेला, कोण जखमी आहे. पण बलाढ्य संघ म्हणजे दार बंद, असंही नाही. जोएल सेलवूड 2006 मध्ये जीलाँगकडेच सातव्या नंबरावर आला, तोही गुडघ्याच्या दुखापतीनं ते वर्ष बहुतेक वाया गेल्यावर. 2007 मध्ये राइझिंग स्टार आणि विजेतेपद, दोन्ही.

सराव सामन्याचा आकडा तसाच उचलणं

उन्हाळ्यातल्या सराव सामन्यांत मोठे खेळाडू अर्धा वेळ बसून असतात. बाकावर नेहमीपेक्षा जास्त माणसं असतात आणि शेवटच्या टप्प्यात बहुतेक वेळा राखीव फळीच मैदानात असते. अशा वेळी एखाद्या पोरानं वीस डिस्पोझल्स केले तर ते कोणाविरुद्ध आणि कधी केले? पहिल्या दोन क्वार्टरमध्ये, पहिल्या फळीबरोबर केलेले आठ मला शेवटच्या क्वार्टरमधल्या पंधरापेक्षा मोलाचे वाटतात. मैदानावर किती टक्के वेळ होता आणि मैदानाच्या मध्यावर खेळ सुरू होताना किती वेळा आत होता, हेही बघा. प्रशिक्षकाच्या मनातलं काम त्यातून दिसतं.

क्लबच्या व्हिडिओंबद्दल एवढंच सांगते: दोन किलोमीटरच्या शर्यतीत पहिला आलेला पोरगा छान पळतो, यापलीकडे त्यातून काही कळत नाही.

शरीर आणि घर विसरणं

अठरा वर्षांचं शरीर अजून वाढत असतं. त्यावर अचानक पूर्णवेळ व्यावसायिक सरावाचा भार पडतो, आणि उंच पोरांच्या पायाची किंवा पाठीची हाडं तक्रार करू लागतात. सॅम डार्सी, 2021 चा दुसरा, 208 सेंटीमीटर उंच. मी 2022 मध्ये त्याला सुरुवातीपासून फँटसीत धरून बसले होते. पायाच्या दुखापतीमुळे तो मैदानात उतरला हंगाम संपत आल्यावर. पोरगा किती गुणी आहे हे माझं बरोबरच होतं, 2024 मध्ये ते सगळ्यांना दिसलं. चुकलं होतं ते वर्ष.

वेगळा मुद्दा घराचा. ड्राफ्ट देशभराचा असतो. अ‍ॅडलेडचा मुलगा मेलबर्नला, व्हिक्टोरियाचा पर्थला. आपल्यातले जे शिकायला म्हणून एकटे इथे आले, त्यांना पहिल्या हिवाळ्यात काय होतं ते सांगायला नको. जेसन हॉर्न-फ्रान्सिस 2021 चा पहिला. साउथ ऑस्ट्रेलियातून नॉर्थ मेलबर्नला आला आणि एका हंगामानंतर पोर्ट अ‍ॅडलेडला परत गेला. तिकडे पॅट्रिक डेंजरफील्डला अ‍ॅडलेडनं 2007 मध्ये घेतलं आणि पुढचं वर्षभर व्हिक्टोरियात घरीच राहून शाळा पूर्ण करू दिली. 2008 मध्ये तो मुख्य संघात फक्त दोन सामने खेळला. त्या दोन सामन्यांवरून त्याच्याबद्दल मत बनवणाऱ्यांनी 2016 मध्ये त्याला ब्राउनलो घेताना पाहिलं.

मोठ्या वयाचे नवखे वेगळे मोजा. टिम केली 23 व्या वर्षी, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या माणसांच्या लीगमध्ये घडून जीलाँगला आला आणि 2018 मध्ये लगेच स्थिरावला. वयामुळे तो राइझिंग स्टारला पात्र नव्हता, म्हणून अनेक याद्यांत त्याचं नावच नव्हतं. ‘यंदा खेळेल का?’ या प्रश्नाला अशांचं उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असतं.

हंगाम सुरू झाला आणि अंदाज चुकतोय असं वाटलं तर

चांगला खेळत असलेला पोरगा मे-जूनमध्ये एकदम थंड पडला तर घाबरू नका. 23 सामन्यांचा हंगाम त्यानं आयुष्यात पहिल्यांदा बघितलेला असतो, आणि पाय जड झाले की क्लब त्याला स्वतःहून एक-दोन आठवडे बसवतात. बातमीत ‘विश्रांती’ लिहिलंय की ‘वगळलं’ लिहिलंय, ते नीट वाचा.

खरंच वगळलं असेल तर त्या आठवड्याचा व्हीएफएल, सॅनफल किंवा वाफलचा (एएफएलखालच्या लीग, जिथे राखीव खेळाडू खेळतात) सामना उघडा. तिथे तो त्याच जागेवर खेळतोय, म्हणजे क्लबला तो त्याच कामासाठी हवाय आणि तो परत येईल. फॉरवर्डला असलेला पोरगा तिथे हाफ-बॅकला दिसला, तर फँटसीतून काढण्याआधी दोन आठवडे थांबा. त्याची नवी जागा तयार होत असते. आणि तो तिथेही नसेल, दुखापतीच्या यादीतही नसेल, तर त्याला यंदापुरतं सोडा, पण त्याचं नाव पुढच्या फेब्रुवारीच्या कागदावर आजच लिहून ठेवा.