आधी फोल्डर बघा, मग एंटर दाबा

२०१७ चा फेब्रुवारी. इंदूरमध्ये, भंवरकुआच्या बाजूच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, माझी पहिली नोकरी सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. मला दिलेलं काम लहान होतं: ग्राहकाच्या रिपोर्टमध्ये तारीख नीट दाखवायची, आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. तारखांसाठी 'मोमेंट' नावाचं पॅकेज, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार कोड, सगळे वापरतात हे मला ठाऊक होतं. टर्मिनल उघडलं, 'एनपीएम इन्स्टॉल मोमेंट' लिहिलं (एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्टची पॅकेजं आणून देणारं साधन), एंटर दाबलं. पान उघडलं, तारीख बरोबर आली. बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये कोड पुश केला आणि रामबागेतल्या घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राहकाची साइट बंद होती. सर्व्हरवर एकच ओळ पुन्हापुन्हा येत होती: 'कॅनॉट फाइंड मॉड्यूल मोमेंट'. माझ्या मशीनवर मात्र तोच कोड व्यवस्थित चालत होता. दोन तास मी कोडमध्ये चूक शोधत बसले. शेवटी शेजारी बसणाऱ्या सीनियर दादांनी विचारलं, "पॅकेज डॉट जेसनमध्ये नाव चढलंय का?" प्रोजेक्टला कुठली पॅकेजं लागतात त्याची यादी या फाइलमध्ये असते. नव्हतं चढलं. त्या वेळच्या एनपीएममध्ये 'डॅश-डॅश सेव्ह' जोडलं नाही, तर पॅकेज तुमच्या डिस्कवर यायचं, पण प्रोजेक्टच्या यादीत त्याची नोंद व्हायची नाही. आणलेली पॅकेजं ज्यात पडतात ते 'नोड मॉड्यूल्स' फोल्डर गिटमध्ये जात नाही, जाऊही नये. म्हणजे सर्व्हरला मोमेंटचं नाव कळायला काही मार्गच नव्हता.

त्याच वर्षी मे महिन्यात एनपीएमची पाचवी आवृत्ती आली आणि नोंद आपोआप व्हायला लागली. त्यामुळे आज नव्याने शिकणाऱ्यांना वाटतं की हा प्रश्न संपला. तो संपलेला नाही. दर रविवारी आमच्या माडीवर चार-पाच मुलं लॅपटॉप घेऊन येतात, आणि निम्म्या वेळा अडचण हीच निघते, फक्त वेगळ्या रूपात.

सगळ्यात जास्त दिसणारं रूप म्हणजे चुकीचं फोल्डर. टर्मिनल उघडलं की ते बहुतेक वेळा होम फोल्डरमध्ये असतं. मुलं तिथेच इन्स्टॉल करून मोकळी होतात. मग होममध्ये एक नोड मॉड्यूल्स आणि एक पॅकेज डॉट जेसन तयार होतं. गंमत पुढे आहे. नोड (जावास्क्रिप्टचा कोड चालवणारा प्रोग्राम) एखादं मॉड्यूल शोधताना आधी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये बघतो, तिथे नसेल तर एक पायरी वर, मग आणखी वर. प्रोजेक्ट होमच्या आत कुठेतरी असतोच, त्यामुळे त्याला ते पॅकेज सापडतं आणि सगळं चालतं. कोड दुसऱ्या मशीनवर गेला की मोडतो. हे एकदा झालं की पुढेही होत राहतं, कारण नवं रिकामं फोल्डर करून त्यात इन्स्टॉल केलं, तरी एनपीएम वरच्या फोल्डरांत पॅकेज डॉट जेसन किंवा नोड मॉड्यूल्स शोधतो आणि होममधलं सापडलं की सामान तिकडेच टाकतो. म्हणून नव्या प्रोजेक्टमध्ये आधी 'एनपीएम इनिट', म्हणजे तिथलं स्वतःचं पॅकेज डॉट जेसन तयार होतं, आणि कुठलंही पॅकेज जोडण्याआधी 'पीडब्ल्यूडी' लिहून आपण कुठे उभे आहोत ते बघायचं. एका सेकंदाचं काम आहे.

एंटर दाबल्यावर दुसरं काम: 'गिट डिफ', म्हणजे फाइलींत काय बदललं ते बघणं. ही सवय मला त्या फेब्रुवारीने लावली आणि मी ती आजही मोडत नाही. एक पॅकेज जोडलं की पॅकेज डॉट जेसनमध्ये एकच हिरवी ओळ वाढलेली दिसते. त्याखाली पॅकेज-लॉक डॉट जेसनमध्ये कधी दहा ओळी, कधी काही शे. पहिल्यांदा बघितलं की घाबरायला होतं. ही दुसरी फाइल काय आहे, ते मी मुलांना किराण्यावरून सांगते. आई यादीत लिहिते 'शेव, अर्धा किलो'. दुकानातून येतं ते बिल, त्यावर कुठल्या कंपनीची, कोणत्या भावाची, किती ग्रॅम, सगळं असतं. पॅकेज डॉट जेसन ही यादी आहे, लॉक फाइल हे बिल. यादीत '^४.१७.१' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ 'हे किंवा याच्या पुढचं, पण ५ च्या आतलं कुठलंही चालेल'. तिथे '~' असेल तर फक्त शेवटचा आकडा पुढे सरकतो, म्हणजे ४.१८ च्या आतलं. आणि पहिला आकडा शून्य असेल तर '^' सुद्धा सावध होतो: '^०.२.३' म्हणजे ०.३ च्या आत. बिलावर मात्र नेमकी आवृत्ती असते, आणि तुमच्या पॅकेजला लागणाऱ्या पॅकेजांचीही, त्यांना लागणाऱ्यांचीही.

म्हणून लॉक फाइल गिटमध्ये टाकायची. पुष्कळ नवी मुलं ती 'आपोआप बनते' म्हणून वगळतात किंवा गिटमध्ये दोघांचे बदल भांडले की पुसून टाकतात. असं करू नका. सर्व्हरवर 'एनपीएम इन्स्टॉल' ऐवजी 'एनपीएम सीआय' वापरा: ते जुनं नोड मॉड्यूल्स पुसून बिलाबरहुकूम सामान आणतं, आणि यादी व बिल जुळत नसेल तर सरळ थांबतं. ते थांबणं तुमच्या फायद्याचं आहे.

टेस्टची साधनं, कोड तपासणारी साधनं 'डॅश-डी' लावून जोडा, म्हणजे ती डेव्ह डिपेंडन्सीमध्ये जातात. यात फार काही नाही. ग्राहकाला साइट चालवायला जे लागत नाही ते सगळं तिकडे.

पायथनवाल्यांना मात्र मी जास्त वेळ देते, कारण पिप, म्हणजे पायथनचं पॅकेज आणणारं साधन, अजूनही माझ्या २०१७ च्या एनपीएमसारखाच वागतो. 'पिप इन्स्टॉल' केलं की पॅकेज येतं, पण रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटीमध्ये, म्हणजे पायथनच्या यादीत, काहीही लिहिलं जात नाही. ते तुमच्या हाती. त्यातही आधी वेनव्ह (प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) करा, म्हणजे प्रत्येक प्रोजेक्टचं सामान आपापल्या कपाटात राहील. आणि नुसतं 'पिप' न लिहिता 'पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल' लिहा. एका मशीनवर दोन-तीन पायथन असतात. पिप एकाचा, पायथन दुसऱ्याचा, आणि मग 'इन्स्टॉल तर झालं, इम्पोर्ट का होत नाही' यात सगळा दिवस जातो. अशी चालवलेली कमांड ज्या पायथनने तुम्ही कोड चालवणार त्याच्यातच पॅकेज टाकते. आणलेल्या पॅकेजांची यादी काढणारं 'पिप फ्रीझ' वापरायचं तर वेनव्हच्या आत वापरा, नाहीतर मशीनवरचं सगळं भांडार यादीत येतं. नवा प्रोजेक्ट असेल तर 'पोएट्री ॲड' किंवा 'यूव्ही ॲड' बघा. ती यादी आणि लॉक दोन्ही स्वतः लिहितात.

नावांचा घोळही पायथनमध्ये मोठा. कोडमध्ये 'सीव्ही२' लिहायचं, पण मागवायचं 'ओपनसीव्ही-पायथन'. कोडमध्ये 'पीआयएल', पॅकेज 'पिलो'. 'याम्ल' साठी 'पायवायएएमएल', 'एसकेलर्न' साठी 'सायकिट-लर्न'. म्हणून एरर दिसली की त्यातलंच नाव पिपला देऊ नका, आधी त्या लायब्ररीच्या अधिकृत पानावर इन्स्टॉलची ओळ बघा. हे फक्त सोयीसाठी सांगत नाही. २०१९ च्या डिसेंबरमध्ये पीवायपीआय या पायथन पॅकेजांच्या भांडारातून 'जेलीफिश' या पॅकेजची नक्कल काढून टाकली गेली. नावात एका 'एल' च्या जागी मोठं 'आय' होतं, डोळ्यांना फरक कळत नाही, आणि आत मशीनवरच्या गुप्त किल्ल्या (पासवर्डसारख्या फाइली) चोरणारा कोड. आता मुलं एआयला विचारून कमांड चिकटवतात, आणि एआय कधीकधी अस्तित्वातच नसलेलं नाव सांगतो. त्या नावाने कुणी खरंच काहीतरी चढवून ठेवलं असेल तर? पॅकेज मागवणं म्हणजे अनोळखी माणसाचा कोड आपल्या मशीनवर चालवणं. एनपीएमची पॅकेजं तर इन्स्टॉल होतानाच स्क्रिप्ट चालवू शकतात. म्हणून 'सुडो' लावून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, कधीही इन्स्टॉल करू नका, परवानगीची एरर आली तरी. आधी 'एनपीएम व्ह्यू' आणि पॅकेजचं नाव लिहून बघा: शेवटची आवृत्ती केव्हाची, कोण सांभाळतं, त्याला स्वतःला लागणारी पॅकेजं किती.

इथे मला अकरा ओळी आठवतात. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं. काम एवढंच, अक्षरांच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणं. पण बेबलसारखी (नवं जावास्क्रिप्ट जुन्यात बदलणारी) साधनं कुठेतरी आत त्याच्यावर उभी होती आणि जगभरचे बिल्ड अडले. एवढ्या ओळी आपण स्वतः लिहू शकतो. पॅकेज जोडायच्या आधी मी पाच मिनिटं हाच विचार करते, आणि पुष्कळदा जोडत नाही. तारखा दाखवायला तर आता ब्राउझरचं स्वतःचं 'इंटल' पुरतं. ज्या मोमेंटने मला रडवलं, त्याच्या लेखकांनीच नव्या प्रोजेक्टसाठी दुसरं काही बघा असं सांगितलंय.

दोन पॅकेजांच्या आवृत्त्यांचं भांडण झालं की येणारी 'ई-रिझॉल्व्ह' ही एरर दिसली की घाबरू नका, वाचा. त्यात 'फाउंड' पुढे तुमच्याकडची आवृत्ती असते, आणि 'पीअर' पुढे नव्या पॅकेजला हवी असलेली. रिॲक्ट (पानं बनवायची लायब्ररी) तुमच्याकडे १८, नव्या पॅकेजला हवा १७, एवढंच ते सांगत असतं. त्या पॅकेजची नवी आवृत्ती शोधा. मुलं इंटरनेटवर मिळालेलं 'लेगसी पीअर डेप्स' किंवा 'ऑडिट फिक्स फोर्स' चिकटवतात. यातलं पहिलं ते भांडण झाकून ठेवतं, दुसरं विचारल्याशिवाय मोठ्या आवृत्त्या बदलतं आणि चालणारी साइट मोडते.

हे सगळं नीट झालं की नाही, हे कळायची माझी एकच परीक्षा आहे. वेगळ्या फोल्डरमध्ये, जमलं तर वेगळ्या मशीनवर, रेपो (गिटमधला सगळा प्रोजेक्ट) नव्याने क्लोन करायची, म्हणजे उतरवून घ्यायची, आणि रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये लिहिलेल्या कमांडनीच चालवायची.

मागच्या रविवारी भाचीने तिचा कॉलेजचा प्रोजेक्ट आणला. "मावशी, माझ्याकडे तर चालून राहिलंय!" मी तिला तिच्या बाबांचा जुना लॅपटॉप दिला. क्लोन, वेनव्ह, रिक्वायरमेंट्स इन्स्टॉल, रन. लाल अक्षरं आली. तिने वरून वाचायला सुरुवात केली, मी म्हटलं, पायथनमध्ये आधी सगळ्यात खालची ओळ वाच. 'मॉड्यूल नॉट फाउंड एरर, डॉटएन्व्ह'. तिने रिक्वायरमेंट्समध्ये 'डॉटएन्व्ह' लिहिलं, मग हात थांबवला, पीवायपीआयचं पान उघडलं, आणि त्याआधी 'पायथन-' जोडलं. कमिट, पुश. मग मी काही सांगायच्या आत तिने जुन्या लॅपटॉपवरचं फोल्डर पुसलं आणि पुन्हा क्लोन करायला घेतलं.