डोंगरातली सायकल फेरी आखताय? या चुका टाळा

फेरी आखायला बसलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती किलोमीटर?’ आखणी फसते ती इथेच. सपाटीवर १०० किलोमीटर सहज मारणारे तयारीचे सायकलस्वार डोंगरात सत्तराव्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसलेले मी पाहिलेत. त्यांची ताकद कमी नव्हती, हिशेब चुकीच्या मापाने केला होता. डोंगरात मोजायचे ते चढाईचे मीटर आणि लागणारे तास.

एक उदाहरण घेऊ. सायकल आणि स्वार मिळून वजन ८५ किलो, आणि पाय सलग १६० वॉट ताकद देतात. ८ टक्के चढावर (१०० मीटर पुढे गेलं की ८ मीटर वर) वेग मिळेल ताशी ८ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तासाला सुमारे ६४० मीटर उंची. २,००० मीटर चढाईच्या फेरीत नुसतं चढण्यातच तीन तासांहून जास्त गेले. ‘उतारावर वेळ भरून काढू’ असं सगळेच म्हणतात, पण तो भरून निघत नाही. २५ किलोमीटर चढ ताशी ८ने आणि २५ किलोमीटर उतार ताशी ३२ने केला, तर सरासरी पडते ताशी १२.८. कागदावर हा आकडा आधी लिहा, मग निघायची वेळ ठरवा.

सरासरी चढावर विश्वास

‘८ किलोमीटर, सरासरी ५ टक्के’ हे वाचून मन निवांत होतं. पण त्या ८ किलोमीटरमध्ये २ किलोमीटर सपाटी असेल आणि १ किलोमीटर उताराने ३० मीटर खाली नेलं असेल, तर उरलेल्या ५ किलोमीटरमध्ये ४३० मीटर चढावं लागतं. म्हणजे चढ झाला ८.६ टक्क्यांचा. त्यातही एखादं वळण १४ टक्क्यांचं निघतं. म्हणून उंचीचा आलेख किलोमीटर-किलोमीटरने उघडून बघा आणि सर्वांत वाईट किलोमीटर शोधा. गिअर ठरतो तो त्या किलोमीटरवरून.

एकूण चढाईचा आकडाही जपून घ्या. मार्ग आखायच्या साधनांत (ॲप, संकेतस्थळं) उंचीची माहिती जमिनीवर चौकटी पाडून मोजलेली असते आणि एक चौकट ३० मीटरची किंवा त्याहून मोठीही असू शकते. कड्यात कोरलेल्या रस्त्याला मग वरच्या कड्याची उंची चिकटते, बोगद्यावर अख्खा डोंगर चढवला जातो. उलट आलेख गुळगुळीत केला की छोटे तीव्र चढ गायब होतात. दोन साधनांवर तपासा आणि मोठा आकडा धरा.

गुडघा दुखतोय? गिअर बघा

चढावर पेडलचे फेरे मिनिटाला ५०च्या खाली गेले आणि वाटीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं, तर बहुतेक वेळा दोष गिअरचा असतो. पेडलजवळच्या पुढच्या चक्राला ३४ आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला २८ दात असतील, तर १० टक्के चढावर ६० फेरे टिकवायला त्याच ८५ किलो वजनाला जवळपास २२५ वॉट लागतात. मागच्या कॅसेटमध्ये (मागच्या चाकावरच्या चक्रांच्या संचात) ३४ दातांचं चक्र असेल तर १८५च्या आसपास भागतं. चार तास चढणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे. हलका गिअर लावण्यात कमीपणा मानू नका. कॅसेट बदलताना मात्र तुमचा मागचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) तेवढे दात पेलतो का, हे आधी विचारून घ्या.

पाणी अंतरावर मोजणं

दोन गावांत २० किलोमीटर अंतर म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. ते २० किलोमीटर चढाचे असतील तर अडीच तास झाले. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरलं, तर दोन बाटल्या तिथेच संपल्या. नकाशावरचं दुकान दुपारी बंद असेल असं समजूनच ठरवा. खाणंही घड्याळ लावून, भुकेची वाट न बघता. तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत.

दिशा न ठरवता निघणं

तीच फेरी उलटी केली की वेगळीच होते. माझा नियम असा: तीव्र बाजूने चढायचं, सौम्य बाजूने उतरायचं, आणि सगळ्यांत मोठी खिंड दुपारच्या आत ओलांडायची. उन्हाच्या दिवसांत दुपारनंतर डोंगरावर ढग जमतात, वादळं होतात. दरीतला वाराही दिवसा खालून वर वाहतो, म्हणजे परतीच्या उतारावर समोरून येतो.

एकदा ही दिशा मी नुसत्या नकाशाच्या सोयीने ठरवली. माथ्यावर पोचलो तेव्हा बनियन घामाने ओली होती आणि ऊन गेलेलं. दर १,००० मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, हे माहीत असूनही जॅकेट घेतलं नव्हतं. तिसऱ्या वळणाशी बोटं इतकी बधिर झाली की ब्रेकचा दांडा दाबला गेलाय की नाही, तेच कळेना. सायकल थांबवून हात काखेत धरले आणि दहा मिनिटं तसाच उभा राहिलो. तेव्हापासून पातळ वाराबंद जॅकेट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे ऊन असलं तरी खिशात असतात.

उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाआधी जोरात दाबा, मग सोडा. रिम किंवा डिस्क थंड व्हायला वेळ मिळतो.

सुटकेचा रस्ता न ठेवणं

फेरीत अर्ध्यावर गेल्यावर मागे फिरणंही तितकंच लांब असतं. म्हणून प्रत्येक खिंडीच्या पायथ्याशी ठरवून ठेवा: इतके वाजेपर्यंत इथे पोचलो नाही, तर दरीतल्या सोप्या रस्त्याने परत. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या, दरीत नेटवर्क जातं. बारीक रेषेने दाखवलेला रस्ता उपग्रहाच्या चित्रावर तपासा. डांबर संपून खडी लागली तर वेग निम्म्यावर येतो.

घरी एक कागद ठेवून जा. त्यावर खिंडींची नावं, प्रत्येकीच्या पुढे पोचायची वेळ, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा, ते लिहा.